स्टेंट बदलताना आरएफए करून घ्यावं का?

वाचकाचं पत्र :

वडिलांचं वय ६८, गावी शेती. दोन महिन्यांपूर्वी अंगाला खाज सुटली, लघवी गडद पिवळी झाली, शौच पांढऱ्या मातीसारखं. बिलिरुबिन (काविळीचा रक्तातला आकडा) १९ निघालं. एमआरसीपीत (पित्तनळ्यांच्या एमआरआयत) उजवी-डावी पित्तनळी जिथे एकत्र येते तिथे अडथळा दिसला. रिपोर्टवर ‘हायलर स्ट्रिक्चर, बिस्मथ ३अ’ असं लिहिलंय. सर्जन म्हणाले, रक्तवाहिन्या वेढल्यात, ऑपरेशन होण्यासारखं नाही. ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनळीत दोन प्लास्टिकचे स्टेंट (वाट उघडी ठेवणाऱ्या नळ्या) टाकले. बिलिरुबिन आता ३.८ आहे. ब्रश फिरवून पेशी काढल्या, त्यांचा रिपोर्ट ‘संशयास्पद’ एवढाच आला. डॉक्टर म्हणतात, पुढच्या महिन्यात स्टेंट बदलताना आत आरएफए करू, त्याचा खर्च वेगळा पडेल. मेव्हण्यांनी कुठेतरी वाचलंय की करंट देऊन गाठ जाळली की किमो लागत नाही. चुलते म्हणतात, म्हाताऱ्या माणसावर प्रयोग नकोत, काविळीचं गावठी औषध द्या. हे सुरक्षित आहे का? आयुष्य किती वाढतं? एकदाच करायचं की दर वेळी? – सांगली जिल्ह्यातून एक वाचक

उत्तर :

मेव्हण्यांचं चुकतंय आणि चुलत्यांचंही. आरएफएने ही गाठ बरी होत नाही आणि त्यामुळे किमो टळत नाही. पण तो नुसता प्रयोगही नाही. पित्तनळीच्या ज्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊ शकत नाही, त्यात स्टेंटच्या जोडीला करण्याचा हा उपाय आहे. काही रुग्णांना त्याने काही महिने जास्त मिळाल्याची नोंद आहे, काही अभ्यासांत काहीच फरक दिसलेला नाही. तुमच्या पत्रात मात्र आरएफएपेक्षा मोठा प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही : ‘संशयास्पद’ हा शब्द. त्याकडे नंतर येतो. आधी आत काय करतात ते समजून घ्या, म्हणजे डॉक्टरांशी बोलणं सोपं जाईल.

आरएफए म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशन. ‘करंट देतात’ हे ऐकायला भयंकर वाटतं, पण हा घरातल्या तारेतला करंट नाही. सेकंदाला काही लाख वेळा दिशा बदलणारा हा प्रवाह स्नायू किंवा हृदय उडवत नाही. तो जिथून जातो तिथल्या पेशींतले क्षार हलवतो, त्या घर्षणाने ऊती तापते आणि साठ अंशांच्या पुढे पेशींतली प्रथिनं अंडं उकडल्यासारखी गोठतात. शंभर अंशांच्या वर गेलं तर ऊतीचा कोळसा होतो. कोळशातून प्रवाह पुढे जात नाही, म्हणून जास्त ताकद लावली की जास्त खोल जळतं असं होत नाही. बेताची उष्णता, बेताचा वेळ, यातच सगळं आहे.

हे काम करणारी नळी ईआरसीपीच्या दुर्बिणीतूनच आत जाते. सर्वांत जास्त अनुभव ‘हबीब’ नावाच्या नळीचा आहे. जाडी ८ फ्रेंच, म्हणजे पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास. टोकाजवळ धातूच्या दोन कड्या, आणि प्रवाह एका कडीतून दुसरीत जातो. एका वेळी साधारण अडीच सेंटिमीटर लांबीचा भाग भाजला जातो. दुसरी नळी कोरियन बनावटीची ‘एल्रा’, थोडी बारीक, ७ फ्रेंच. तिच्यात तापमान मोजणारा सेन्सर असतो, साधारण ८० अंशांचं लक्ष्य ठेवून यंत्र स्वतःच प्रवाह कमी-जास्त करतं. तिचं भाजणारं टोक ११, १८, २२ आणि ३३ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या लांबीत मिळतं. नळ्या जुळतात त्या जागी, जिथे वळण असतं आणि भिंत पातळ असते, तिथे आखूड टोक आणि तापमानावर लगाम या दोन्ही गोष्टी कामाच्या. तुमच्या डॉक्टरांकडे कोणती नळी आहे ते विचारा. हबीब असली म्हणून काही बिघडत नाही, पण मग ताकद कमी ठेवणार ना, एवढं विचारून घ्या.

त्या दिवशी क्रम साधारण असा असतो. सहा ते आठ तास उपाशी. आदल्या दिवशी हिमोग्लोबिन, प्लेटलेट, पीटी-आयएनआर, क्रिएटिनिन आणि बिलिरुबिन. कावीळ महिनाभर राहिलेल्या माणसात पित्त आतड्यात न पोचल्याने के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. आयएनआर १.५ च्या वर किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर आधी ते सुधारतात. के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यावं लागेल का, हे तुम्ही आठवण करून विचारलंत तरी चालेल. वडिलांना हृदयासाठी क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती किती दिवस आधी थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं, घरच्या घरी नाही. पेसमेकर असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

भूल देऊन, पालथं किंवा कुशीवर झोपवून, आधी जुने स्टेंट काढतात. गाठीच्या पलीकडे एक बारीक तार सरकवतात. ही तार पलीकडे गेली नाही तर आरएफए होणारच नाही, सगळी नळी तिच्यावरूनच चालते. मग रंगद्रव्य सोडून एक्स-रेवर अरुंद भागाची लांबी मोजतात. इथे एक धोका आहे. यकृताच्या ज्या कप्प्याचा आपण निचरा करून देणार नाही त्यात रंगद्रव्य गेलं, तर ते तिथेच अडकून पू होतो. म्हणून अनुभवी माणूस एमआरसीपीचे फोटो समोर ठेवून, कुठे किती रंग सोडायचा ते आधी ठरवून बसतो. अरुंद भाग फारच आवळलेला असेल तर छोट्या फुग्याने तो थोडा रुंद करतात.

त्यानंतर नळीच्या कड्या नेमक्या गाठीत येतील अशा धरून साधारण ७ ते १० वॅट ताकद, ६० ते १२० सेकंद. बिस्मथ ३अ म्हणजे गाठ जोडावर असून उजव्या बाजूच्या फांद्यांत शिरलेली, तेव्हा तुमच्या वडिलांच्या बाबतीत ताकद या पट्ट्याच्या खालच्या टोकाला, सात वॅटच्या आसपास हवी. प्रवाह बंद केल्यावर लगेच नळी हलवत नाहीत, किमान मिनिटभर थांबतात. गरम ऊती कड्यांना चिकटलेली असते. घाईने ओढली तर तीच सोलून येते आणि रक्त येतं. गाठ लांब असेल तर नळी पुढे-मागे करून, थोडा भाग एकमेकांवर येईल असं दोन-तीनदा भाजतात. उजवी आणि डावी पित्तनळी वेगवेगळी करावी लागते, दोघींत वेगळी तार. शेवटी मेलेल्या ऊतीचे तुकडे फुग्याने ओढून स्वच्छ करतात आणि नवे स्टेंट ठेवतात. भाजलेल्या भिंतीला सूज येते, त्यामुळे आरएफएनंतर स्टेंट न ठेवता परत येणं हा पर्यायच नाही. एरवीच्या ईआरसीपीपेक्षा पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात.

आता या उपायाचा खरा आवाका. उष्णता पित्तनळीच्या भिंतीत काही मिलिमीटरच जाते. जोडावरची गाठ बहुधा त्यापेक्षा जाड असते, शिवाय हा कॅन्सर नसांच्या आवरणातून बाजूला पसरत जातो. शेजारून वाहणारं रक्त उष्णता ओढून नेतं, त्यामुळे रक्तवाहिनीलगतच्या पेशी वाचतात. त्या बाजूने गाठ तशीच राहते. म्हणजे आरएफए गाठीचा आतला पापुद्रा मारतं, वाट थोडी मोकळी करतं. मुळापर्यंत पोचत नाही. पित्ताशयाचा कॅन्सर किंवा सुजलेल्या लसिकाग्रंथी बाहेरून पित्तनळी दाबत असतील तर त्याचा उपयोग आणखी कमी, कारण गाठ आत नाहीच. आपल्या देशात जोडावरच्या अडथळ्याचं एक मोठं कारण पित्ताशयाचा कॅन्सर आहे, तेव्हा तुमच्या सीटी स्कॅनमध्ये पित्ताशय कसं आहे हे स्पष्ट विचारून घ्या.

‘आयुष्य किती वाढतं?’ याला एक आकडा नाही, आणि कोणी छातीठोकपणे दिला तर सावध राहा. हबीब नळीचा माणसांवरचा पहिला अनुभव लंडनमधून २०११ साली प्रसिद्ध झाला, रुग्ण फक्त २२. पुढे चीनमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवाटणी करून दोन नीट अभ्यास झाले. २०१८ च्या अभ्यासात पित्तनळीच्या कॅन्सरचे ६५ रुग्ण होते. नुसत्या प्लास्टिक स्टेंटच्या गटात सरासरी ८.३ महिने आयुष्य, आरएफएसह १३.२ महिने. स्टेंट उघडा राहण्याचा काळही ३.४ वरून ६.८ महिन्यांवर गेला. २०२१ च्या अभ्यासात १७४ रुग्ण, आयुष्य ९.२ विरुद्ध १४.३ महिने. पण गंमत बघा, या दुसऱ्या अभ्यासात स्टेंट उघडा राहण्याच्या काळात फरकच नव्हता. मग आयुष्य कशाने वाढलं? मेलेल्या पेशींमुळे शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते असं एक अनुमान आहे, पण ते अनुमानच. असा दुवा तुटलेला असला की निकालाकडे थोडं डोळे बारीक करून बघावं.

युरोपातून आलेले आकडे तर उलटेच. जर्मनीत ८६ रुग्णांच्या आणि चेक प्रजासत्ताकात १६१ रुग्णांच्या अभ्यासात, धातूच्या जाळीच्या स्टेंटबरोबर आरएफए करून काही फायदा निघाला नाही. चेक अभ्यासात आयुष्य वाढलं नाही, जर्मन अभ्यासात स्टेंट जास्त दिवस उघडा राहिला नाही. दोन्हीकडे स्वादुपिंडाच्या कॅन्सरसारखे इतर रुग्णही होते.

हे सगळं एकत्र ठेवलं तर आमचं मत असं : आरएफएचा फायदा मिळालाच तर तो पित्तनळीच्याच कॅन्सरमध्ये आणि प्लास्टिक स्टेंटच्या जोडीला. धातूचा स्टेंट मुळातच जास्त दिवस उघडा राहतो, त्याच्यावर आरएफएची भर पडल्याचं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही साधारण इथेच थांबतात. जोडावरचा, ऑपरेशन न होणारा कॅन्सर असेल तर नुसत्या प्लास्टिक स्टेंटपेक्षा आतून भाजण्याचा उपाय जोडावा असं त्या सुचवतात, पण पुरावा कच्चा आहे हेही त्याच ओळीत सांगतात. तुमचे वडील, निदान पक्कं झालं तर, नेमके याच गटात बसतात.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न ‘आरएफए करायचं का’ हा नको. ‘पुढे प्लास्टिकचेच स्टेंट ठेवत राहणार की धातूचे टाकणार’ हा हवा. प्लास्टिकचा स्टेंट सुमारे तीन महिन्यांनी बदलावा लागतो. आत जंतूंचा थर आणि गाळ साचून तो बंद पडतो, याला कोणाचा हलगर्जीपणा कारण नसतो. आरएफए प्लास्टिकसोबत चालू ठेवायचं असेल तर दर बदलाच्या वेळी डॉक्टर आत बघून, गरज असेल तर ते पुन्हा करतात. किती वेळा, हे आधीच ठरलेलं नसतं. मध्ये थंडी-ताप आला, अशक्तपणा वाढला, तर एखादी फेरी सोडून नुसता स्टेंट बदलणंही योग्यच. धातूचा जाळीदार स्टेंट एकदा टाकला की तो सहसा निघत नाही, आणि त्याच्या आत आरएफए करताना कड्या धातूला टेकल्या तर प्रवाह ऊतीऐवजी जाळीतूनच निघून जातो. नंतर जाळीत गाठ वाढून ती बंद पडली तर आरएफएने वाट मोकळी करण्याचे प्रयत्न होतात, पण ती वेगळी आणि जास्त नाजूक गोष्ट. त्यामुळे धातूचा स्टेंट टाकण्याआधी थांबून विचार करायचा.

सुरक्षिततेबद्दल. धोका दोन थरांत आहे. ईआरसीपीचे नेहमीचे धोके आहेतच : स्वादुपिंडाला सूज, पित्तनळीत जंतुसंसर्ग, क्वचित रक्तस्राव किंवा आतड्याला भोक. आरएफए त्यात स्वतःची भर घालतं. पोटदुखी जास्त होते. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा आरएफए झालेल्यांत ती ३१ टक्के होती, नुसता स्टेंट टाकलेल्यांत २० टक्के. ही दुखणी बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत औषधाने बसतात.

पित्ताशयाला सूज हा दुसरा. पित्ताशयाची नळी जिथे मुख्य नळीला मिळते तिथे भाजलं गेलं की ते तोंड सुजून बंद होतं आणि पित्ताशय कोंडतं. १७४ रुग्णांच्या त्या चिनी अभ्यासात आरएफए गटातल्या १०.३ टक्के रुग्णांना हे झालं, दुसऱ्या गटात एकालाही नाही. जोडावरची गाठ या तोंडाच्या वर असते, त्यामुळे भाजणं वरच राहिलं तर धोका कमी. भाजताना खाली किती उतरणार, हे विचारण्यासारखं आहे.

तिसरा धोका दुर्मिळ, पण सगळ्यांत भीतीदायक. उजव्या यकृताला रक्त नेणारी धमनी बहुतेक माणसांत मुख्य पित्तनळीच्या अगदी मागून जाते. उष्णता तिच्या भिंतीला लागली तर ती लगेच फुटत नाही. भिंत हळूहळू मऊ होत जाते, तिथे फुगा धरतो, आणि चार-सहा आठवड्यांनी अचानक नळीत रक्त उतरतं. जर्मनीतल्या १२ रुग्णांच्या एका छोट्या मालिकेत तिघांना असा उशिराचा रक्तस्राव झाला आणि दोघे दगावले. ऑस्ट्रियातल्या ५८ रुग्णांच्या नोंदीत एकाच्या यकृताचा काही भाग रक्तपुरवठा तुटून मेला. हे आकडे घाबरवायला देत नाही. मोठ्या अभ्यासांत असं क्वचितच झालंय. पण घरच्यांना ‘दोन दिवस झाले, आता काही नाही’ असं वाटू लागतं, आणि हा धोका तेव्हा सुरूही झालेला नसतो. तुमच्या पत्रात रक्तवाहिन्या वेढल्याचा उल्लेख आहे. गाठ धमनीला किती चिकटलीय हे ताज्या सीटीवर पाहूनच, कुठे भाजायचं आणि कुठली जागा सोडायची, हे ठरायला हवं.

म्हणून घरी काय बघायचं ते लिहून भिंतीवर लावा. पहिल्या दिवसात वरच्या पोटात सुरू होऊन पाठीत जाणारी तीव्र कळ, उलट्या : स्वादुपिंडाची सूज असू शकते, लगेच रक्तात अमायलेज-लायपेज. पहिल्या तीन-चार दिवसांत किंवा नंतर कधीही थंडी वाजून ताप : नळीतला जंतुसंसर्ग. यात ‘सकाळपर्यंत बघू’ चालत नाही, कारण काही तासांत रक्तदाब घसरू शकतो. उजव्या बरगडीखाली ठसठस आणि ताप : पित्ताशय, सोनोग्राफी. आणि पहिले दीड-दोन महिने : डांबरासारखं काळं शौच, रक्ताची उलटी, कळ येऊन पुन्हा वाढलेली कावीळ, चक्कर. यापैकी काहीही दिसलं तर गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून थांबू नका. सीटी अँजिओग्राफी होते आणि धमनीत कॉइल टाकून रक्त थांबवणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहेत, अशा ठिकाणीच जा. सांगली-कोल्हापूर-पुणे या पट्ट्यात असं ठिकाण कोणतं आणि रात्री कोणाला फोन करायचा, हे आरएफएच्या आधी ठरलेलं हवं. तुमच्या रुग्णालयात ही सोय नसेल तर तिथे आरएफए न करणंच बरं.

आता तो ‘संशयास्पद’. ब्रशने काढलेल्या पेशींत कॅन्सर असूनही तो दिसत नाही, हे निम्म्याच्या आसपास रुग्णांत होतं, कारण ही गाठ कडक, तंतूंनी भरलेली असते आणि ब्रशला पेशी फार मिळत नाहीत. तेव्हा रिपोर्ट ‘संशयास्पद’ असला तरी कॅन्सरच असण्याची शक्यता मोठी. पण जोडावरचं प्रत्येक अरुंदपण कॅन्सर नसतं. आयजीजी-४ नावाच्या आजारात अगदी असंच चित्र दिसतं आणि तो स्टेरॉइडच्या गोळ्यांनी सुधारतो. जुने खडे आणि क्षयरोगाच्या ग्रंथी हेही फसवतात. निदान पक्कं नसताना आतून भाजणं आमच्या मते चूक आहे. भाजलेल्या जागेतून नंतर घेतलेला तुकडा वाचताही येत नाही.

यासाठी पुढच्या ईआरसीपीत आरएफएच्या आधी चिमट्याने किंवा नळीत जाणाऱ्या बारीक दुर्बिणीतून, थेट बघून, पाच-सहा तुकडे घेता येतात का ते विचारा. शक्य असेल तर ही फेरी फक्त तुकडे आणि स्टेंटची ठेवा, रिपोर्ट आल्यावर पुढच्या फेरीत आरएफए. रक्तात आयजीजी-४ तपासून घ्या. सीए १९-९ (या कॅन्सरची खूण शोधणारी रक्ततपासणी) केली असेल आणि तेव्हा बिलिरुबिन १९ असेल, तर तो आकडा बाजूला ठेवा, कारण नुसत्या काविळीनेही तो चढतो. आता पुन्हा करा. ऑपरेशनबद्दल दुसरं मत घेतलं नसेल तर यकृताची ऑपरेशनं नियमित करणाऱ्या सर्जनकडून एकदा घ्याच, फाईल आणि सीटीची सीडी पाठवूनही ते होतं.

बिलिरुबिन ३.८ वर का थांबलंय हेही बघा. तारखेवार आकडे मांडा. अजून उतरत असेल तर ठीक. दोन आठवडे तिथेच अडकलं असेल तर यकृताचा एखादा मोठा कप्पा कोंडलेला असेल किंवा एक स्टेंट सरकला असेल. निम्म्याहून जास्त यकृताचा निचरा व्हायला हवा. तो झालेला नसेल तर आरएफए कितीही छान झालं तरी कावीळ तशीच राहील. अशा वेळी बरगडीतून सुई घालून बाहेरून नळी टाकण्याचा मार्गही असतो.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, तर किमोसाठी. या कॅन्सरमध्ये आयुष्य वाढवण्याचा सर्वांत भक्कम पुरावा अजूनही किमोचाच आहे. २०१० साली ४१० रुग्णांच्या अभ्यासात जेमसायटाबिनला सिसप्लॅटिन जोडल्यावर आयुष्य ८.१ वरून ११.७ महिने झालं. त्यानंतर या जोडीला दुर्व्हालुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) लावून आणखी थोडी भर पडली आहे, खर्चाची उडी मात्र फार मोठी. ही औषधं झेपायला यकृत आणि मूत्रपिंड नीट चालायला हवेत, म्हणून कावीळ बरीच उतरल्याशिवाय आणि ताप पूर्ण गेल्याशिवाय किमो सुरू करत नाहीत. आरएफए आणि किमो एकमेकांच्या आड येत नाहीत. उलट चीनमध्ये ७५ रुग्णांत नुसतं आरएफए आणि आरएफएसोबत एस-१ नावाच्या किमोच्या गोळ्या अशी तुलना झाली, तेव्हा गोळ्या घेणारे जास्त जगले, १६ महिने विरुद्ध ११. मेव्हण्यांना हा आकडा दाखवा. आरएफएच्या तारखेसाठी किमोची तारीख मात्र ढकलू नका. कर्करोगतज्ज्ञांची वेळ आत्ताच घ्या, पुढच्या महिन्यात नाही.

खर्चाबद्दल दोन गोष्टी. ही नळी एकदाच वापरायची असते आणि परदेशातून येते, बिलातला मोठा वाटा तिचाच. पाकीट तुमच्यासमोर उघडेल ना, आणि बिलावर तिचा बॅच क्रमांक येईल ना, हे स्पष्ट विचारा. असं विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार चालू असतील तर तिथल्या आरोग्यमित्राकडून स्टेंट आणि आरएफए यांपैकी काय पॅकेजमध्ये बसतं ते आधी लेखी घ्या. पैसे मोजूनमापून असतील आणि आरएफए की किमो असा प्रसंग आला, तर किमो. आरएफए की वेळेवर स्टेंट बदलणं असा आला, तर स्टेंट.

चुलत्यांना सांगा, काविळीची झाडपाल्याची औषधं, नाकात थेंब, गळ्यात माळ, यातल्या काहींनी कावीळ ‘उतरते’ ती विषाणूंची, आणि ती तशीही आपोआप उतरते. इथे नळी तुंबलीय. तुंबलेल्या मोरीत वरून काही ओतून वाट मोकळी होत नाही. शिवाय अशा काही औषधांनी आधीच दमलेल्या यकृताला इजा होते आणि किमो लांबते. हळद, तेल, तूप पूर्ण बंद करून नुसत्या भातावर आणि उसाच्या रसावर ठेवण्याचीही गरज नाही. वडिलांचं वजन टिकणं जास्त महत्त्वाचं. स्निग्ध पदार्थ झेपतील तेवढे थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि डाळ, अंडं, दूध, दही जे आवडतं ते.

फाईलच्या पहिल्या पानावर एक कागद चिकटवा : स्टेंट टाकल्याची तारीख, किती, कोणत्या बाजूला, प्लास्टिक की धातू, आरएफए झालं तर किती वॅट, किती सेकंद, कुठे. रात्री-अपरात्री दुसऱ्याच डॉक्टरांकडे जायची वेळ आली, तर जाड फाईल चाळण्यापेक्षा त्यांना तो कागद आधी लागेल.